कपटाचें कौतुक

कलाकृतीची स्तुति दोन प्रकारांनीं होते. ती सुंदर आहे असें म्हणणें हा एक प्रकार, आणि ती खरी आहे असें म्हणणें हा दुसरा. पहिल्या स्तुतीशीं भांडण्याचें सहसा कारण पडत नाहीं, कारण सौंदर्य हें पुष्कळ अंशीं ज्याच्या त्याच्या रुचीवर अवलंबून असतें. पण दुसरी स्तुति हा एक दावा आहे, आणि दावा म्हटला कीं पुरावा आलाच. 'हाउस ऑफ कार्ड्स' या अमेरिकन राजकीय मालिकेच्या पहिल्या पर्वाची २०१३ सालापासून आपल्या सुशिक्षित वर्गांत जी स्तुति झाली ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची आहे. 'राजकारण कसें असतें तें पाहावयाचें असेल तर ही मालिका पाहा' हें वाक्य मीं सहाध्यापकांकडून ऐकलें आहे, वर्गांतील हुशार मुलांच्या तोंडून ऐकलें आहे, आणि ज्यांनीं जन्मांत एकदांही नगरपालिकेच्या सभेस जाऊन बसण्याची तसदी घेतली नाहीं अशा गृहस्थांच्या तोंडून तर फारच वेळां ऐकलें आहे. या वाक्याचा प्रतिवाद करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ही मालिका अनीतिमान आहे असें माझें म्हणणें नाहीं. ती खोटी आहे असें माझें म्हणणें आहे. आणि वास्तवाचा वेष घेऊन येणारा खोटेपणा हा परीकथेंतील खोटेपणापेक्षां अधिक घातक असतो. कारण परीकथा ऐकणारा मनुष्य आपण परीकथा ऐकत आहों हें विसरत नाहीं.

ज्यांनीं ही मालिका पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मूळ कथा इंग्लंडांतील. मार्गारेट थॅचर यांच्या काळीं हुजूरपक्षाच्या मध्यवर्ती कचेरींत वरिष्ठ जागेवर असलेल्या मायकेल डॉब्स यांनीं १९८९ सालीं त्याच नांवाची कादंबरी लिहिली. १९९० सालीं बी. बी. सी. नें तिचें चार भागांचें नाट्यरूपांतर दाखविलें. आणि त्यावरून अमेरिकेंत रचलेल्या नव्या मालिकेचें तेरा भागांचें पहिलें पर्व नेटफ्लिक्स कंपनीनें १ फेब्रुवारी २०१३ रोजीं एकदमच प्रेक्षकांच्या हवालीं केलें. बो विलिमन हे तिचे कर्ते. नायक फ्रान्सिस अंडरवुड हा दक्षिण कॅरोलायना संस्थानांतून निवडून आलेला डेमोक्रॅटिक पक्षाचा सभासद आणि प्रतिनिधिगृहांतील बहुमतवाल्या पक्षाचा प्रतोद. नवा अध्यक्ष परराष्ट्रमंत्र्याच्या जागेचें वचन देऊन तें मोडतो, म्हणून हा गृहस्थ सूड घेण्यास निघतो. एका महत्त्वाकांक्षी तरुण बातमीदार मुलीच्या हातीं तो गुप्त कागद देतो; ज्याला मंत्रिपद मिळावयाचें असतें त्याला विद्यार्थिदशेंतील एका जुन्या अग्रलेखाचें निमित्त करून घालवितो; शिक्षणविषयक विधेयक स्वतःच्या ताब्यांत घेऊन शिक्षकांचा संप मोडतो; दारूच्या व्यसनांत बुडालेल्या पीटर रूसो नांवाच्या सभासदास वर काढून पेन्सिल्व्हानियाच्या गव्हर्नरपदासाठीं उभा करतो, मग हेतुपुरस्सर त्याला पुन्हा व्यसनांत लोटतो, आणि अखेर त्याच्याच मोटारींत विषारी धुरानें त्याचा प्राण घेतो. मोकळ्या झालेल्या त्या उमेदवारीकडे तो उपाध्यक्षास वळवितो, आणि पर्वाच्या शेवटीं रिकामें झालेलें उपाध्यक्षपद त्याच्याकडे चालत येतें. पुढील पांच पर्वांचा प्रश्न निराळा. येथें पहिल्याचाच विचार आहे, कारण कीर्ति मिळविली ती त्यानें.

या पर्वाचे गुण नाकारण्याचें मला कांहींच कारण नाहीं. पहिल्या दोन भागांचें दिग्दर्शन डेव्हिड फिंचर यांचें आहे, आणि त्यांना त्याबद्दल २०१३ सालचें एमी पारितोषिक मिळालें तें योग्यच झालें. थंड, निळसर-करड्या प्रकाशांतील तें वॉशिंग्टन शहर मनांत राहतें. केव्हिन स्पेसी यांच्या नायकाची मिठ्ठास वाणी, रॉबिन राइट यांनीं उभी केलेली त्याची करारी पत्नी क्लेअर, आणि कोरी स्टोल यांचा रूसो, या भूमिका वरच्या दर्जाच्या आहेत. कारागिरीबद्दल वाद नाहीं. वाद आहे तो तिनें उभारलेल्या इमारतीच्या पायाबद्दल.

प्रथम नायकाच्या हुद्द्याचाच विचार करूं. प्रतोदाचें काम काय? तर आपल्या पक्षाच्या सभासदांचीं मतें मोजणें, डळमळणाऱ्यांस सांवरणें आणि मतदानाच्या दिवशीं बेरीज जुळविणें. मालिकेंतील अंडरवुड हें काम अशा थाटानें करतो कीं जणूं सभासद म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील प्यादीं! प्रत्येकाचें एखादें गुपित किंवा एखादी हांव त्याला ठाऊक असते. तिच्यावर बोट ठेवतांच मनुष्य मान खालीं घालतो. आतां वस्तुस्थिति पाहा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनीं मतदारांपुढें उभें राहावें लागतें. २९ सप्टेंबर २००८ रोजीं, बँका कोसळत असतां, त्यांना सांवरण्यासाठीं ७०० अब्ज डॉलरांचें विधेयक या गृहापुढें आलें. अध्यक्षांना तें हवें होतें आणि दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनाही हवें होतें. तरी तें २०५ विरुद्ध २२८ मतांनीं पडलें! कारण निवडणूक पांच आठवड्यांवर आली होती, आणि मतदारांचा संताप सभासदांच्या कचेऱ्यांवर येऊन आदळत होता. विधेयकांत फेरफार झाले तेव्हां कोठें ३ ऑक्टोबरला तें संमत झालें. पुढें २१ मार्च २०१० रोजीं वैद्यकीय विम्याचा गाजलेला कायदा याच गृहांत २१९ विरुद्ध २१२ मतांनीं मंजूर झाला, तेव्हां सत्ताधारी पक्षाच्याच ३४ सभासदांनीं त्याच्याविरुद्ध मत दिलें होतें. प्रतोदाच्या खिशांत सर्वांच्या किल्ल्या असत्या तर हे ३४ जण कोठून आले?

आणखी एक उदाहरण तर या मालिकेवर मुद्दाम लिहिलेल्या भाष्यासारखें आहे. मालिका निघाली त्या वर्षीं प्रतिनिधिगृहांतील बहुमतवाल्या पक्षाचे खरे प्रतोद रिपब्लिकन पक्षाचे केव्हिन मॅकार्थी हे होते. दहा वर्षांनीं, जानेवारी २०२३ मध्यें, त्यांना सभापति होण्यासाठीं पंधरा वेळां मतदान घ्यावें लागलें. आणि त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं स्वपक्षाचे आठ सभासद विरोधकांस मिळाल्यामुळें २१६ विरुद्ध २१० मतांनीं त्यांस त्या आसनावरून खालीं उतरावें लागलें. मतदानानें पदच्युत झालेले अमेरिकेच्या इतिहासांतील ते पहिलेच सभापति. मतें मोजण्याचें ज्यांनीं अधिकृतपणें काम केलें त्यांची ही गत! खऱ्या प्रतोदाच्या हातांत दोऱ्या पुष्कळ असतात, पण त्या दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला बाहुल्या नसतात, माणसें असतात. हें साधें सत्य या मालिकेच्या कर्त्यांस नाट्यदृष्ट्या गैरसोयीचें वाटलें असावें.

मी धंद्यानें शिक्षक आहें, म्हणून शिक्षणविधेयकाचें प्रकरण मीं विशेष लक्ष देऊन पाहिलें. पहिल्या सहा भागांतून या विधेयकाचा धागा चालतो. पण त्या विधेयकानें मुलांच्या शिक्षणाचें काय होणार होतें हें सहा भाग पाहूनही प्रेक्षकास नीट सांगतां येणार नाहीं. आयुष्यभर या विषयाचा ध्यास घेतलेला डोनाल्ड ब्लाइथ नांवाचा एक सभासद आहे. त्याला नायक पहिल्याच झटक्यांत बाजूस सारतो, आणि मालिकाही त्याला हास्यास्पद ठरवून त्याच्याकडे पाठ फिरविते. संप कसा मिटतो? तर नायक शिक्षकसंघाच्या पुढाऱ्यास एकांतांत डिवचतो, तो पुढारी संतापून ठोसा मारतो, आणि त्या एका ठोशाखालीं सारा लढा गाडला जातो. आतां खरी हकीकत पाहा. परीक्षांच्या निकालांवरून शाळांना जबाबदार धरणारा अमेरिकेचा मोठा शिक्षणकायदा जानेवारी २००२ मध्यें झाला. त्याची मुदत २००७ सालीं संपली. परीक्षांवर किती भर द्यावा, मागें पडलेल्या शाळांस शिक्षा करावी कीं साहाय्य, मध्यवर्ती सरकारचा अधिकार किती व संस्थानांचा किती, या प्रश्नांवर पुढें आठ वर्षें वाद चालला. आणि अखेर रिपब्लिकन सेनेटर लमार अलेक्झांडर व डेमोक्रॅटिक सेनेटर पॅटी मरे यांनीं एकत्र बसून केलेल्या मसुद्यांतून डिसेंबर २०१५ मध्यें नवा कायदा झाला. या आठ वर्षांत हट्ट होते, स्वार्थ होते, तडजोडी होत्या, आणि ज्यांचें भवितव्य टांगणीस लागलें होतें अशीं लक्षावधि मुलें होतीं. याला नाट्य म्हणावयाचें नाहीं, आणि एका ठोशाला म्हणावयाचें, ही कोणत्या गांवची रसिकता? आणि मालिका ज्या वर्षीं निघाली त्याच वर्षीं, १ ऑक्टोबर २०१३ पासून सोळा दिवस, खर्चाची मंजुरी न मिळाल्यामुळें अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा पुष्कळसा कारभार बंद होता. पडद्यावर एकटा मनुष्य शेंकडों सभासदांना बोटावर नाचवीत होता. गृहांत मात्र शेंकडों सभासद एकमेकांना जागचे हलूं देत नव्हते.

सर्वांत उद्बोधक गोष्ट उपाध्यक्षपदाची आहे. उपाध्यक्षाची जागा मध्येंच रिकामी झाली तर काय करावें हें १९६७ सालीं अमलांत आलेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनें ठरवून दिलें आहे: अध्यक्षानें नांव सुचवावयाचें, आणि दोन्ही गृहांनीं बहुमतानें त्यास संमति द्यावयाची. अंडरवुड ज्या वाटेनें वर चढूं पाहतो त्या वाटेनें प्रतिनिधिगृहांतील एक नेता खरोखरीच वर गेलेला आहे. १९७३ सालीं उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांना लांचलुचपतीच्या चौकशीपायीं राजीनामा द्यावा लागला, तेव्हां प्रतिनिधिगृहांतील अल्पमतवाल्या पक्षाचे नेते जेरल्ड फोर्ड यांचें नांव पुढें आलें. सेनेटनें तें ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहानें ३८७ विरुद्ध ३५ मतांनीं मान्य केलें. आठ महिन्यांनीं निक्सन यांनीं राजीनामा दिला आणि फोर्ड अध्यक्ष झाले. दोन्हींपैकीं एकाही पदासाठीं त्यांना लोकांची निवडणूक लढवावी लागली नव्हती. अंडरवुडला हेवा वाटावा अशी ही चढण! पण ती फोर्ड यांना कशानें साधली? तर ते साधे, सरळ व शब्दाचे पक्के आहेत अशी विरुद्ध पक्षाचीही खात्री होती म्हणून. फोर्ड फार बुद्धिमान नव्हते असें त्यांचे टीकाकार म्हणत. पण पंचवीस वर्षें एका गृहांत बसून त्यांनीं जो विश्वास मिळविला होता तो एका संकटाच्या घटकेला राष्ट्राच्या उपयोगीं पडला. ज्या जागीं मालिकेनें खून आणि कारस्थान ठेवलें त्याच जागीं इतिहासानें प्रामाणिकपणाची ख्याति ठेविली होती.

कोणी म्हणेल, 'म्हणजे राजकारणांत कपट नसतेंच कीं काय?' असें म्हणण्याइतका मी भोळा नाहीं. लिंडन जॉन्सन हे सेनेटमध्यें बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते तेव्हां त्यांच्या डावपेंचांची सर्वांना धास्ती असे. अध्यक्ष झाल्यावर त्यांनीं १९६४ सालचा नागरी हक्कांचा कायदा ज्या युक्तिप्रयुक्तींनीं पुढें रेटला त्यांत आर्जव, धाक, खुशामत आणि देवघेव हें सारें होतें. पण जॉन्सन यांचें सर्व चातुर्य ज्या लाटेवर चाललें होतें ती लाट त्यांनीं निर्माण केलेली नव्हती. ती २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टनमध्यें जमलेल्या सुमारें अडीच लक्ष लोकांनीं आणि दक्षिणेंतील गांवोगांवीं लाठ्या व तुरुंगवास सोसणाऱ्या नीग्रो स्त्रीपुरुषांनीं निर्माण केली होती. चातुर्य हें नावाड्याचें वल्हें आहे. पाणी दुसऱ्या कोणाचें असतें. उलट, ज्यांनीं निव्वळ कपटावर भिस्त ठेवली त्यांचें काय झालें? वॉटरगेटच्या इमारतींत १७ जून १९७२ च्या रात्रीं शिरलेले चोर एका पहारेकऱ्याच्या दक्षतेनें पकडले गेले. आणि अध्यक्षांनीं स्वतःच ध्वनिमुद्रित करविलेलें संभाषण पुढें त्यांच्याच गळ्याचा फांस ठरलें. खरे कारस्थानी पुष्कळदां अजागळ असतात, आणि त्यांच्याभोंवतीं न्यायाधीश, संपादक, समित्या व पहारेकरीही असतात. या मालिकेंतून हे पहारेकरी गाळलेले आहेत.

मूळ ब्रिटिश नाट्यावर हा आक्षेप मी घेणार नाहीं, कारण त्यानें खरेपणाचा आवच आणला नव्हता. इयन रिचर्डसन यांचा फ्रान्सिस अर्कार्ट हा उघड उघड उपहासाचा नायक होता. त्याचा पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजीं दाखविला गेला. दोनच दिवसांनीं थॅचरबाईंना स्वपक्षाच्या मतदानांत २०४ मतें पडून अवश्य त्या बहुमतास चार मतें कमी पडलीं, आणि २२ तारखेस त्यांनीं पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. त्या आठवड्यांत इंग्रज प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढें दोन्ही चित्रें एकदमच उभीं होतीं. खऱ्या पतनामागें युरोपविषयक मतभेद होते, डोईपट्टीविरुद्ध देशभर उसळलेला क्षोभ होता, आणि शेवटीं मोजलेलीं मतें होतीं. त्यामुळें नाटक तें नाटक आणि राज्यकारभार तो राज्यकारभार हें त्याला समजत होतें. अमेरिकन रूपांतरांत तें तिरकस हास्य विरून गेलें, तेथें गांभीर्य आलें, आणि गांभीर्याबरोबर वास्तवाचा दावा आला.

आतां मालिकेच्या नाट्यतंत्राकडे वळूं. कारण तिचा खोटेपणा केवळ माहितीचा नाहीं, तो रचनेंतच आहे. अंडरवुड मध्येंच मान वळवून सरळ आपल्याशीं बोलतो. आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेंत हें स्वगतही नव्हे आणि जनांतिकही नव्हे. प्रेक्षकालाच कटांत सामील करून घेण्याची ही युक्ति आहे. तिचें मूळ शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डमध्यें आहे, आणि ती भूमिका स्पेसी यांनीं २०११ सालीं लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहांत केलीही होती. पण शेक्सपिअरनें ही युक्ति कशी वापरली तें पाहा. रिचर्ड आरंभीं आपल्याला हंसवितो, आपल्याशीं सलगी करतो. मात्र जसजसा तो सिंहासनाजवळ जातो तसतशी ती सलगी आटत जाते, आणि अखेरच्या लढाईच्या आदल्या रात्रीं तो आणि त्यानें मारलेल्यांचीं भुतें एवढेंच उरतें. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, एवढ्या दुष्टालाही राजा होण्यापूर्वीं लंडनच्या नागरिकांची संमति लागते. आणि बकिंगहॅम येऊन सांगतो कीं नागरिक नुसते मुके उभे राहिले. त्या मुकेपणांत सगळ्या नाटकाचा निकाल आहे. अमेरिकन नायकाची सलगी शेवटपर्यंत तशीच ताजी राहते. अखेरच्या भागांत तो चर्चमध्यें जाऊन गुडघे टेकतो, पण तेथेंही त्याला स्वतःवांचून दुसरें दैवत सांपडत नाहीं. आणि प्रेक्षक? तो त्या मुक्या नागरिकांत नसतो; तो नायकाच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्या प्रत्येक डावाला मनांतल्या मनांत टाळी देत उभा असतो.

कपटनाट्य आपल्याला नवें नाहीं. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'इतकें कपटानें भरलेलें नाटक जगाच्या वाङ्मयांत विरळा. खोटें पत्र, चोरलेली मुद्रा, हेर, फितुरी, विषप्रयोग, काय नाहीं त्यांत? तरी तें वाचून मन मलिन होत नाहीं. कां? कारण चाणक्याचा सगळा खटाटोप ज्या एका गोष्टीसाठीं आहे ती म्हणजे प्रतिपक्षाचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस हा जिवंत आणि अभंग हातीं यावा व चंद्रगुप्ताचा मंत्री व्हावा. चाणक्याला राक्षसाचें मोल कळतें. आणि राक्षस शरण येतो तो भीतीनें नव्हे, मोहानेंही नव्हे. आपल्या कुटुंबाला आश्रय दिल्याबद्दल वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या चंदनदासाचे प्राण वांचविण्यासाठीं. म्हणजे जगांत निष्ठा आहे, मैत्री आहे, या गृहीतावरच चाणक्याचा डाव उभा आहे. तें गृहीत खोटें असतें तर डावच फसला असता! कपटाची खोली मोजावयाला सचोटीची दोरी लागते. अंडरवुडच्या जगांत राक्षस नाहीं आणि चंदनदासही नाहीं. तेथें प्रत्येक माणसाची किंमत आधींच चिकटविलेली आहे, आणि नायकानें ती वाचावयाची एवढेंच काम. विरोधकच नसलेल्या आखाड्यांतल्या पैलवानाला बलवान कोणत्या मापानें म्हणावयाचें?

या पर्वांत खरें नाट्य एकच आहे आणि तें पीटर रूसोचें. त्याच्या मतदारसंघांतील जहाजांचा कारखाना बंद होतो आणि तो कारखाना वांचविण्यासाठीं तो शब्दही काढीत नाहीं, कारण त्याची मान नायकाच्या मुठींत आहे. पुढें दारू सोडून तो ज्यांची रोजी गेली त्या कामगारांपुढें जाऊन उभा राहतो आणि त्यांचे शिव्याशाप ऐकून घेतो. डेलावेअर नदीच्या खोऱ्याविषयींचें विधेयक हें त्याच्या प्रायश्चित्ताचें साधन असतें. या थोड्या प्रवेशांत मालिकेला एकदम प्राण येतो, कारण येथें प्रथमच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला जगणारीं माणसें दिसतात. पण कर्त्यांना हें सोसवत नाहीं. तें विधेयक पडतें तें नदीसाठीं नव्हे, कामगारांसाठीं नव्हे, विरोधी पक्षाच्या युक्तिवादानेंही नव्हे. नवऱ्यावर रुष्ट झालेली क्लेअर स्वतःच्या संस्थेच्या कामासाठीं दोन मतें फिरविते म्हणून! सगळ्या नदीखोऱ्याचें भवितव्य एका शयनगृहांतील अबोल्यावर टांगलेलें. तसाच तिसऱ्या भागांतील प्रसंग. नायकाच्या मतदारसंघांतील गॅफ्नी गांवीं पीच फळाच्या आकाराची पाण्याची टाकी आहे; तिच्यावरून मोटार हांकतांना लक्ष विचलित होऊन एक मुलगी अपघातांत मरते. तिच्या आईबापांचें दुःख नायक चर्चमधील प्रवचनानें आणि आश्वासनांनीं शांत करतो, आणि तें सारें सोंग होतें हें आपल्याला कानांत सांगतो. संबंध पर्वांत मतदार येतात ते असे: कोठें आरडाओरडा म्हणून, कोठें आवरून टाकावयाचें दुःख म्हणून. लोकशाहीवरील या नाटकांत लोक तेवढे नाहींत.

मग असें हें नाटक शहाण्यासुरत्या माणसांना खरें कां वाटतें? माझ्या मतें याचें उत्तर आपल्या आळसांत आहे. पूर्वींच्या भाबड्या माणसाला सारे पुढारी देव वाटत. आजच्या भाबड्या माणसाला सारे पुढारी चोर वाटतात. श्रद्धेला निदान वर्गणी द्यावी लागे, सभेला जावें लागे, क्वचित् तुरुंगांतही जावें लागे. या अश्रद्धेला कांहींच द्यावें लागत नाहीं. आरामखुर्चीत बसून तेरा भाग पाहावे, अंडरवुडनें डोळा मारला कीं आपणही मारावा, आणि 'आम्हांला सगळें कळतें' अशा समाधानानें झोंपीं जावें. शहाणपण इतकें स्वस्त पूर्वीं कधींच नव्हतें. खुद्द अध्यक्ष ओबामा यांनीं डिसेंबर २०१३ मध्यें या मालिकेविषयीं बोलतांना, खरा कारभार इतक्या निर्दयपणें कां होईना पण झटपट चालता तर बरें, अशा अर्थाचा विनोद केला होता. त्या विनोदांत एका थकलेल्या कारभाऱ्याचा अनुभव आहे. पण प्रेक्षक तो विनोद विनोद म्हणून घेत नाहीं. सभा, समित्या, वादविवाद यांचा कंटाळा आलेल्या मनाला हा निर्दय झटपटपणा हळूहळू आवडूं लागतो. कपटाची निंदा करण्यासाठीं म्हणून बसलेला मनुष्य उठतांना कर्तबगारीचें कौतुक करीत उठतो, आणि 'मनुष्य वाईट, पण काम करतो' हें वाक्य त्याच्या तोंडीं बसतें. हें वाक्य कोणकोणत्या देशांत कोणकोणाच्या उपयोगीं पडलें आहे हें वाचकांस सांगावयास नको.

'अहो, ही करमणूक आहे. एवढें मनावर कशाला घेतां?' असा शेवटचा आक्षेप येईल. त्याला माझें उत्तर असें कीं, करमणूक म्हणून ती पाहिली जात असती तर मीं लेखणी उचलली नसती. पण ज्यांच्या तोंडी 'ही करमणूक आहे' हें उत्तर असतें त्यांच्याच तोंडीं क्षणापूर्वीं 'राजकारण असेंच असतें' हें प्रमाणपत्र असतें. दोहोंपैकीं एक कांहीं तरी धरावें. करमणूक असेल तर प्रमाणपत्र परत घ्यावें. प्रमाणपत्र कायम असेल तर पुराव्याच्या पिंजऱ्यांत उभें राहावें. प्रत्येक वर्षीं वीस वर्षांचीं मुलें माझ्यापुढें येऊन बसतात; त्यांत बुद्धि असते, कळकळही असते. राजकारण हें घाणेरड्या माणसांचें काम आहे हें त्यांनीं अनुभवानें शिकलेलें नसतें, कारण अनुभव घेण्याइतकें त्यांचें वयच नसतें. तें त्यांनीं अशा पडद्यांवरून उसनें घेतलेलें असतें. ज्या मुलाला सर्व पुढारी अंडरवुडच आहेत असें वाटतें तो अंडरवुडला अडविण्यास कधींच जाणार नाहीं. तो मतदानाला जाणार नाहीं, ग्रामसभेंत उठून प्रश्न विचारणार नाहीं, हिशेब मागणार नाहीं. आणि खऱ्या लबाड माणसाला याहून अधिक कांहीं नको असतें. 'सगळे सारखेच चोर' हा सिद्धांत सर्वांत जास्त कोणाच्या सोयीचा असेल तर तो चोराच्या.

पत्त्यांचा बंगला उभा राहतो तो वारा नसलेल्या खोलींत. या मालिकेच्या कर्त्यांनीं प्रथम खिडक्या लावून घेतल्या, लोकांना बाहेर ठेवलें, न्यायाधीशाला, खऱ्या संपादकाला व प्रामाणिक विरोधकाला बाहेर ठेवलें, आणि मग एका माणसानें किती उंच मजले चढविले हें आपल्याला दाखविलें. हस्तकौशल्य म्हणून तें पाहावें, वाटल्यास वाहवाही करावी. पण बाहेर वारा असतो. १९७४ सालीं तो वॉशिंग्टनमध्यें होता, १९९० सालीं लंडनमध्यें होता, आणि जेथें जेथें लोक मत देतात व तें मोजलें जातें तेथें तेथें तो असतो. त्या वाऱ्याचा उल्लेखही न करणाऱ्या कथेला राजकारणाचें सत्यचित्र म्हणणें ही रसिकता नव्हे. ती नागरिक या नात्यानें आपल्याकडे असलेल्या कामाची टाळाटाळ आहे.